साडेअकराशेचा काटा आणि एकेचाळीस वर्षांचा तोलार

सांगलीच्या मार्केट यार्डात मी एकेचाळीस वर्षं हळद तोलली. लागलो तेव्हा तिकाटण्याला टांगलेला तराजू होता, निवृत्त झालो तेव्हा लाल आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा. माझे वडीलही तोलारच. पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन. ह्या घरात आता माणसं तोलायचा काटा आला आहे, आणि त्याच्याबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असं मुलीनं सुचवलं. तिच्या मते इंटरनेटवर लोक पहिल्याच दिवशी पाच चांदण्या देऊन मोकळे होतात. मी सोळा आठवडे वापरून लिहितो आहे.

घेण्याचं कारण साधं. निवृत्तीनंतर वर्षभरात पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "काका, पाच-सहा किलो उतरवा, गुडघ्यांना सगळ्यात आधी कळेल." मी दुसऱ्या दिवशी हरभट रोडवर जाऊन काटा घेतला. साडेअकराशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्या किमतीतले चार-पाच काटे मी उलटे करून बघितले आणि सगळ्यांचे पाय सारखेच होते. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, एकदम ॲक्युरेट. पन्नास ग्रॅमपण कळतं." खोक्यातल्या चिठ्ठीवर मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा काटा व्यापारासाठी नाही. यार्डातल्या काट्यावर दरवर्षी वैधमापनवाल्यांची तपासणी आणि छाप लागते. ह्याला कोण विचारतो? म्हणजे ह्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, ते मलाच बघावं लागणार होतं.

वर काच, खाली चार कोपऱ्यांत चार पाय. प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर नाजूक तारेची जाळी चिकटवलेली. भार आला की पट्टी जराशी वाकते, तार ताणते, तिच्यातून जाणाऱ्या विजेला अडथळा बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. यार्डातल्या काट्याच्या पोटातही हेच असतं, फक्त जाडजूड.

पहिल्या सोमवारी सकाळी आकडा आला ९१.८. वहीत मी लिहिलं, 'लाभ ९१.८'. आमची ही म्हणाली, "अहो, ह्याला कसला लाभ म्हणता?"

आता तपासणी. यार्डातल्या एका आडत्या शेठकडून वीस-वीस किलोची चार लोखंडी वजनं मागून घेतली. जुनी, पण शिशावर छाप असलेली. हमालानं टेम्पोतून आणून दिली आणि "काका, घरात दुकान टाकताय का?" असं विचारून गेला. काचेवर लोखंड ठेवायचं धाडस नव्हतं, म्हणून एक फळी घेतली आणि ती आधी किराणा दुकानात तोलून आणली. एक किलो चारशे. ते आमचं बारदान, मालाच्या वजनातून वजा करायचं रिकाम्या पोत्याचं वजन असतं तसं. फळीसकट चार वजनं म्हणजे ८१.४. काट्यानं दाखवलं ८१.६. पाच वेळा उचलून ठेवलं, चारदा ८१.६ आणि एकदा ८१.५. म्हणजे काटा दोनशे ग्रॅम जास्त सांगतो, पण रोज तेवढंच जास्त सांगतो. कायमचा पासंग, म्हणजे काट्याचा ठरलेला फरक, असेल तर तोलाराला त्याचं भय नसतं, तो धडा करून, म्हणजे तेवढा फरक आधीच भरून काढून, पुढे जातो. भय असतं ते हलत्या पासंगाचं.

हलता पासंग आमच्या फरशीत निघाला. आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं, आणि त्यानंतर मोरीबाहेरच्या दोन फरश्या बसल्या. पायाखाली जाणवत नाही इतकं त्यांचं डुगडुगणं आहे. काटा मी नेमका तिथेच ठेवला होता. तिथे एकदा ९०.३, उतरून परत चढलो तर ८८.१. दोन पावलं सरकून देवघरासमोरच्या पक्क्या फरशीवर ठेवला आणि गडी सुधारला. सतरंजीवर ठेवून बघितलं तर आकडा मनाला येईल तसा. तेव्हा काटा परत करायला निघाला असाल तर आधी फरशी बघा. आणि कडेला उभं राहू नका. मी वजनं एका कोपऱ्यात रचली तेव्हा तीनशे ग्रॅमांचा फरक पडला.

एक लबाडी मात्र पकडली. काट्यावर उभा राहिलो, ८९.२. उतरलो, दोनशे ग्रॅमचं वजन मुठीत धरून लगेच परत चढलो, तरी ८९.२! मग मध्ये एकदा वीस किलोचं वजन ठेवून उचललं आणि तेच दोनशे ग्रॅम घेऊन चढलो, तर ८९.४. म्हणजे लागोपाठ चढणाऱ्याला हा काटा आधीचाच आकडा आठवून सांगतो, थोडा फरक असला तर गिळून टाकतो. गिऱ्हाईकाला वाटावं की किती पक्का काटा आहे, दोनदा तेच! यार्डात असं केलं असतं तर शेतकऱ्यानं काट्यासकट तोलाराला उचललं असतं. असे पुष्कळ काटे असतात म्हणे. खात्री करायची असेल तर मध्ये दुसऱ्या कुणाला तरी चढवा.

एवढं सगळं कळत असूनही मी पुढे गाढवपणा केलाच.

पहिल्या आठवड्यात भात बंद, चहात साखर बंद, संध्याकाळी आमराईत पाच फेऱ्या. पुढच्या सोमवारी ९०.१. एक किलो सातशे उतरले! मी घरभर सांगत सुटलो. त्यानंतर आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काही केल्या जोरात हलेना. तिसऱ्या आठवड्यात ८९.९, चौथ्यात ८९.७. मला वाटलं, शरीर थकलं की काय. सहाव्या आठवड्यातल्या रविवारी मिरजेला भाचीचं लग्न होतं. सकाळी निघताना ८८.९. लग्नात मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, आणि रात्री परत येताना पोरांनी घेतलेलं भडंग. सांगलीच्या माणसासमोर भडंगाचा पुडा फोडला तर तो मोकळा करूनच उठतो. सोमवारी सकाळी काटा म्हणाला ९०.७.

एका रात्रीत एक किलो आठशे. दीड महिन्याची कमाई एका जिलेबीत गेली असं वाटलं. मी कुणाला बोललो नाही. सोमवारी फक्त ताक आणि काकडी, मंगळवारीही तेच, साखरेची गोळी मात्र नेमानं घेतली, आणि मंगळवारी संध्याकाळी ईर्षेनं चालत हरिपूरला गेलो. संगमेश्वराच्या देवळाजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. पायरीवर बसलो. नदीकाठी बसलेल्या एका बाईंनी गुळाचा खडा दिला. मुलगी स्कूटरवरून न्यायला आली, वाटेत एक शब्द बोलली नाही, थेट डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर मला चांगले ओळखतात. त्यांनी रागावून झाल्यावर विचारलं, "काका, फेब्रुवारीत ओली हळद आली तर तुम्ही काय करता?"

काय करतो म्हणजे? ओली असली तर बोट लावल्यावर कळतं, पोत्यात हात घातला की कळतं. कडता लागतो, म्हणजे ओलीपोटी वजनात कापतात. शेतातून काढलेली पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की क्विंटलभर हाती लागते, कधी थोडी जास्त. बाकीचं सगळं पाणी. वाळवलेल्या मालालाही पावसाळी हवा लागली की वजन चढतं. गोदामात पोत्यांना कुणी हळकुंडं खाऊ घालत नाही.

"मग?" डॉक्टर म्हणाले.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. अंगावर एक किलो चरबी चढायची तर गरजेच्या वर सुमारे सात हजार सातशे कॅलरी पोटात जाव्या लागतात. एक किलो आठशेला जवळजवळ चौदा हजार. मोठी ज्वारीची भाकरी दोनशेची धरली तर रोजच्या जेवणावर सत्तर भाकऱ्या. "खाल्ल्या का?" मी मान हलवली. लग्नात मी कितीही हात मारला असला तरी सत्तर भाकऱ्यांचा ऐवज काही झाला नव्हता. थोडी चरबी चढली असेल, पाव किलोच्या आतबाहेर. उरलेलं होतं पाणी आणि अजून पोटात असलेलं जेवण.

भडंग, मठ्ठा, लोणचं, पापड, सगळ्यात मीठ, आणि मीठ पाणी धरून ठेवतं. भात आणि जिलेबीचं निराळंच. त्यांच्यातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी बसतं. मी भात बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात पावणेदोन किलो उतरले तेही बरंचसं हेच पाणी होतं. साठा रिकामा झाला, पाणी निघालं. म्हणजे ज्या उतारावर मी नाचलो तो खोटा आणि ज्या चढावर रडलो तोही खोटा. हळदीच्या बाबतीत शेंबडं पोरही फसलं नसतं, आणि मी स्वतःच्या अंगात फसलो.

निघताना डॉक्टरांनी एक बजावलं, ते इथे लिहिणं जरूर आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं आणि सोबत पायांना सूज असेल, दम लागत असेल, तर वही उघडत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात यायचं. तेही पाणीच असतं, पण हृदयाचं नाहीतर मूत्रपिंडाचं दुखणं सांगणारं. आणि साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यानं जेवण बुडवायचं नाही.

बुधवारपासून नेहमीसारखा जेवलो. वेगळं काही केलं नाही. शुक्रवारी सकाळी ८८.८.

मग मला चेव आला. काटा घरात आहे, वेळ भरपूर आहे. एक सकाळ फक्त ह्यालाच दिली. उठल्याबरोबर वजन घेतलं, परसाकडे जाऊन आलो, चारशे ग्रॅम कमी. एक लिटरचा तांब्या भरून पाणी प्यालो आणि लगेच चढलो, बरोबर एक किलो जास्त. तांब्यातलं पाणी पोटात गेलं म्हणून हलकं होत नाही, हे एकसष्टाव्या वर्षी डोळ्यांनी बघितलं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर, मध्ये कुठेही न जाता, साडेतीनशे ग्रॅमांचा फरक. तेवढं श्वासातून आणि घामातून गेलं. एप्रिलच्या उन्हात तासभर चालून आलो की सातशे ग्रॅम उतरलेले दिसतात, आणि माठातलं पाणी प्यायलं की परत येतात. शर्ट, पँट, पट्टा, किल्ल्या, मोबाइल मिळून एक किलो तीनशे. दवाखान्यातल्या काट्यावर आपण बारदानासकट उभे असतो, त्यामुळे घरचा आणि तिथला आकडा जुळवायला जाऊ नये.

सगळ्यात अजब दंडोबाचं. मुलगी आणि मी पहाटे दंडोबाचा डोंगर चढून आलो. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की संडासात बसवेना, आणि वजन सातशे ग्रॅम जास्त. डोंगर चढून वजन वाढलं! दुखावलेले स्नायू दुरुस्त होताना तिथेही पाणी जमतं, तीन-चार दिवसांनी ओसरतं. हे माहीत नसलेला माणूस दुसऱ्यांदा डोंगराकडे बघायचा नाही.

मुलीची वही वेगळी आहे. दर महिन्याला पाळीच्या आधीच्या चार-सहा दिवसांत तिचा काटा किलो-सव्वा किलो चढतो, मग आपोआप उतरतो. तिनं त्या तारखांपुढे लाल टिंब काढून ठेवलं आहे. तिला विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, "पप्पा, लिहा की, त्यात लाजायचं काय? तेवढं वाचून एखादी उपाशी राहायची थांबेल." बायकांनी ह्या महिन्याचा आकडा गेल्या महिन्याच्या त्याच दिवसांशी लावून बघावा, हे तिचं म्हणणं.

माझी पद्धत आता ठरली आहे. सकाळी उठल्यावर, परसाकडे जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, फक्त लुंगीवर, त्याच फरशीवर एकदाच चढायचं. आकडा वहीत लिहायचा आणि विसरायचा. रविवारी सातांची बेरीज करून सातानं भागायचं. पाचव्या आठवड्याचं पान समोर आहे ते देतो. सोमवार ८९.४, मंगळवार ८९.९, बुधवार ८९.१, गुरुवार ८९.०, शुक्रवार ८९.६, शनिवार ८८.८, रविवार ८९.२. मंगळवारी आणि शुक्रवारी माझं तोंड उतरलेलं होतं, घरच्यांना विचारा. पण सरासरी निघाली ८९.३, आणि आदल्या आठवड्याची होती ८९.७. चारशे ग्रॅम उतरले होते आणि मला एकाही दिवशी दिसले नव्हते. एक पोतं तोलून गाडीचा अंदाज सांगणारा तोलार यार्डात कधी बघितला नाही, मी मात्र रोज सकाळी तेच करत होतो.

ज्यांना रोज आकडा बघून घालमेल होते त्यांनी आठवड्यातून एकदाच, एकाच वारी चढावं. आमच्या हिनं तेच केलं आहे, गुरुवारी. सोमवार मात्र कुणी निवडू नका. रविवारचं मटण सोमवारी काट्यावर असतं.

काट्याच्या बाकीच्या गोष्टी. मोबाइलमधलं ॲप चरबी किती टक्के ते सांगतं. उघड्या पायांतून बारीक वीज सोडून अडथळा मोजतात आणि वय, उंची, वजन घालून अंदाज बांधतात. यार्डात धान्याची ओल बघायचं यंत्रही विजेवरच चालतं, पण त्यात एकाच जातीचं धान्य घालतात. मला ह्या काट्यानं सकाळी ३१ टक्के चरबी सांगितली, रात्री जेवल्यावर २८. जेवून चरबी कमी होत असेल तर डॉक्टरांचं दुकान बंदच झालं म्हणायचं. तो भाग मी बघत नाही. त्याशिवाय ॲप रोज हिरवा नाहीतर लाल बाण दाखवतं, शंभर ग्रॅमला सुद्धा लाल. हा बाण ज्यानं बसवला त्याला एकदा ओल्या हळदीच्या सौद्याला बसवायला पाहिजे. बाण बंद करायची सोय मला सापडली नाही, म्हणून ॲपच काढून टाकलं. वही बरी.

काच ओल्या पायाला घसरते, म्हाताऱ्यांनी भिंतीशी ठेवावा, पण भिंतीला हात लावून वजन बघू नये. सेल सोळा आठवड्यांत एकदा बदलले. खाली एक बटण आहे, ते चुकून दाबलं गेलं की काटा पौंडात बोलतो. एका सकाळी मला १९५.१ दिसले आणि मी हिला हाक मारली. ती चष्मा लावून आली, बघितलं, आणि चहा ठेवायला निघून गेली.

सोळाव्या आठवड्याची सरासरी ८६.१. जिना उतरताना आता कठडा धरत नाही. पन्नास ग्रॅमचा दावा खोटा, पण दोनशे ग्रॅमांत हा काटा इमानानं राहतो आणि माणसाला तेवढं पुष्कळ आहे. पाचापैकी चार चांदण्या देतो. एक कापली ती आठवून आकडा सांगण्याच्या लबाडीबद्दल. पक्की फरशी आणि एक वही घरात असेल तर घ्या. मनाचा पासंग हलका असेल तर एवढ्यात घेऊ नका, महिन्यातून एकदा दवाखान्यात चढा.

हे लिहीत असतानाच वजनं परत न्यायला शेठ स्वतः आले. काटा बघून त्यांना राहवलं नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात दोन मोबाइल, पायांत चामडी चपला, हातात पावत्यांची पिशवी, तशातच चढले आणि खाली बघून म्हणाले, "तोलार, हा काटा मारतोय."

मी म्हटलं, "शेठ, आधी बारदान उतरवा."